थर्माकोलचं पंधरावं शतक

इड्वल प्रदरोच्या गॅरेजकडे त्या उन्हाळ्यापर्यंत कुणी वळून पाहिलं नव्हतं. त्यात पाहण्यासारखं काही नव्हतंच. पोर्थगोइल या वेल्समधल्या समुद्रकाठच्या गावात, वरच्या चौकाच्या एका कोपऱ्यात, दगडी भिंतीत बसवलेले दोन हिरवे लाकडी दरवाजे, बस. आत इड्वलची करड्या रंगाची मोटार. मोटार जुनी होती, पण इड्वल दर रविवारी चॅपलहून आल्यावर तिला पॉलिश करी. रविवारी काम करणं पोर्थगोइलमध्ये चांगलं समजत नसत, म्हणून तो दरवाजे आतून लावून घेऊन पॉलिश करी. सगळ्या गावाला ते माहीत होतं आणि सगळं गाव ते माहीत नसल्यासारखं दाखवी.

इड्वल घरासाठी कर्ज देणाऱ्या एका संस्थेत उपव्यवस्थापक होता. स्वतःची ओळख करून देताना तो ‘उप’ इतक्या हळू आवाजात म्हणे, की ऐकणाऱ्याला तो खोकला वाटे. ऑगस्टच्या शेवटच्या शनिवारी त्याच्या मुलीचं, लाउरीचं, लग्न होतं. मुलगा कार्डिफचा. मुलाचे वडील डॉक्टर ऑब्री हार्डविक, दातांचे डॉक्टर, मोठी प्रॅक्टिस, आणि चंदेरी रंगाची अशी लांबलचक मोटार की पोर्थगोइलच्या गल्लीत वळताना तिचं तोंड एका शतकात आणि शेपूट दुसऱ्या शतकात असावं. डॉक्टर फोनवर म्हणाले होते, “प्रदरो, नवरीसाठी माझी गाडी पाठवतो. तुम्ही कशाला त्रास घेता?”

“आमच्या मुली आमच्याच मोटारीतून चॅपलला जातात,” इड्वलने ताठ मानेने सांगितलं.

“मुली? आपल्याला एकच आहे ना?” फोन ठेवल्यावर बायकोने, ओल्वेनने, विचारलं.

“प्रश्न संख्येचा नाही,” इड्वल म्हणाला. “घराण्याचा आहे.”

तर अशा या घराण्याच्या दारात जुलैच्या शेवटच्या आठवड्यात एक माणूस उभा राहिला. त्या वर्षी सगळ्या देशात पाण्याचा ठणठणाट होता, उन्हाने रस्त्याचं डांबर बुटांना चिकटत होतं, आणि या माणसाने जांभळं मखमली जाकीट घालून गळ्यात मफलर गुंडाळला होता. नाव क्रिस्पिन. टेलिव्हिजन कंपनीचा नेपथ्यकार. त्याने दोन्ही हातांची बोटं जोडून चौकट केली, तीतून गॅरेजच्या भिंतीकडे एक डोळा मिटून पाहिलं आणि कळवळून म्हणाला, “तुम्हाला कल्पना आहे का, मिस्टर प्रदरो? तुमच्या या भिंतीत फ्लॉरेन्स आहे!”

“ओल आहे, एवढं माहीत होतं,” ओल्वेन म्हणाली.

पण इड्वलने भिंतीकडे पुन्हा एकदा नीट पाहिलं. आयुष्यात आजवर त्याच्या मालकीच्या कुठल्याही वस्तूत कुणाला फ्लॉरेन्स दिसलं नव्हतं.

क्रिस्पिनने खुलासा केला. दर शनिवारी संध्याकाळी लागणारी ती मालिका, म्हणजे ज्यात एक प्राध्यापक लिफ्टमध्ये शिरतो, बटण दाबतो आणि मजल्यांऐवजी शतकं उतरतो, तिचं नवं साहस पंधराव्या शतकातल्या इटलीत घडायचं होतं. तिथला एक दुष्ट ड्यूक, त्याचा त्याहून दुष्ट राजज्योतिषी, आणि ज्योतिषाने एका ताऱ्यावरून बोलावून आणलेली हिरवी, थलथलीत, विचार करणारी वस्तू. ती वस्तू माणसांच्या डोक्यावर बसे आणि त्यांना गुलाम करी. टेलिव्हिजन कंपनीला इटलीला जाणं परवडत नव्हतं. पोर्थगोइल परवडत होतं. चौकातली जुनी घरं ठीक होती. फक्त इड्वलचे हिरवे दरवाजे पंधराव्या शतकात बसत नव्हते.

“आम्ही त्यावर ड्यूकच्या राजवाड्याचं महाद्वार चढवू,” क्रिस्पिन म्हणाला. “दोन दिवसांचा प्रश्न. तिसऱ्या दिवशी तुमचं गॅरेज तुम्हाला परत.”

“आणि मोटार?” ओल्वेनने विचारलं.

“मोटार आत राहू दे,” इड्वल म्हणाला. “गर्दीत कुणी ओरखडा काढायचं.”

हे वाक्य ओल्वेनने पुढे महिनाभर, जेवताना, भांडी विसळताना आणि एकदा तर चॅपलमध्ये प्रार्थना चालू असताना, त्याला ऐकवलं.

शेजारचा हेडन बेडो कुंपणावरून हे सगळं ऐकत होता. हेडन आयुष्यभर बोटीवर आचारी होता. निवृत्त झाल्यापासून तो दोनच गोष्टी करी: प्रदर्शनासाठी परसात कांद्याच्या जातीतले लांब पांढरे लीक वाढवणं, आणि सल्ला देणं. “साधं काम आहे, इड्वल,” तो म्हणाला. “दोन दिवस म्हणजे किती?”

महाद्वार मात्र झालं झकास. लाकडाच्या चौकटीवर थर्माकोलचे चिरे, त्यांवर प्लॅस्टर, त्यावर रंग. दोन बाजूंना खांब, वर कमान, कमानीवर जबडा वासलेला सिंह आणि सिंहाच्या पंजात ड्यूकची ढाल. मधला भव्य दरवाजा नुसता दिखाऊ, न उघडणारा; त्याला फक्त एक माणूस जाईल एवढी दिंडी होती, कारण राजज्योतिषाला तीतून पळत बाहेर यायचं होतं. चार पावलांवरून पाहिलं तरी वाटावं, की हे गाव वसायच्या आधीपासून इथे उभं आहे. इड्वल संध्याकाळी उगाचच दोनदा चौकातून चक्कर मारून आला.

शूटिंग म्हणजे राजज्योतिषी दिंडीतून बाहेर येऊन “तारे अनुकूल आहेत!” असं ओरडे आणि कुणीतरी “पुन्हा!” असं ओरडे. दुपारपर्यंत तारे एवढ्या वेळा अनुकूल झाले की ज्योतिषाचा घसा बसला. एकदा सगळं जुळून आलं, विमान नाही, कुत्रा नाही, समुद्रपक्षीही गप्प, तेवढ्यात ओल्वेन कचऱ्याचा डबा घेऊन पंधराव्या शतकातून शांतपणे चालत गेली. तिला थांबवायला गेलेल्या पोराला ती म्हणाली, “कचरेवाला मंगळवारी येतो. तुझ्या ड्यूकला सांग.”

आणि मग संप झाला.

संपाचं कारण हिरवी वस्तू. ती लिंबाच्या जेलीची होती. आता जेली हे नेपथ्य की खाद्यपदार्थ? नेपथ्य असेल, तर ते उचलण्याचा हक्क नेपथ्य कामगारांचा. खाद्यपदार्थ असेल, तर कँटीनच्या कामगारांचा. पहिल्या दिवशी नेपथ्यवाल्यांनी ती उचलली. दुसऱ्या दिवशी कँटीनवाल्यांनी हरकत घेतली. दोन्ही बाजूंची माणसं चौकात उभी राहून तावातावाने वाद घालत होती आणि मधल्या ताटात ती परग्रहावरची महाशक्ती उन्हाने वितळत होती. संध्याकाळपर्यंत सगळेच गाड्यांत बसून निघून गेले. क्रिस्पिनने जाता जाता इड्वलचा हात हातात घेतला. “संप मिटला की आलोच. तोवर कृपा करून त्याला हात लावू नका. नेपथ्य कामगारांच्या संघटनेचा सभासद नसलेल्याने एक खिळा जरी उपटला, तरी सबंध देशातलं टेलिव्हिजन बंद पडेल.”

इड्वल स्वभावाने भित्रा नव्हता. पण सबंध देशातलं टेलिव्हिजन बंद पाडलेला माणूस म्हणून ओळखलं जाणं त्याला नको होतं. त्याने आठवडाभर वाट पाहिली. मग तो कंपनीला फोन करू लागला. फोनवरची बाई गोड आवाजात सांगे, की वाटाघाटी जेलीच्या व्याख्येपर्यंत आल्या आहेत.

मोटार आत होती आणि इड्वल आत जाऊ शकत होता, हा सगळ्यांत वाईट भाग. दिंडीतून वाकून तो आत जाई, पॉलिश करी, थोडा वेळ स्टिअरिंगमागे बसून समोरच्या बंद दरवाजाकडे पाही, आणि वाकून बाहेर येई. बाहेर हल्ली प्रवासी उभे असत. गावात महाद्वार आहे ही बातमी पसरली होती. एका बाईने त्याच्या हातातलं फडकं पाहून नवऱ्याला सांगितलं, “हा इथला रखवालदार दिसतोय. याला विचार, आत राजवाडा पाहायला मिळतो का.”

“मी उपव्यवस्थापक आहे!” इड्वल म्हणाला.

“राजवाड्याचा?” बाईने आदराने विचारलं.

हेडनचं मत पडलं, की हे सरळ कौन्सिलला कळवावं. परवानगीशिवाय बांधकाम उभं आहे म्हणून तक्रार कर, कौन्सिलच ते पाडून टाकेल, संघटना कौन्सिलशी भांडेल, तुझा काय संबंध? “साधं काम आहे.” इड्वलला ही युक्ती इतकी पटली, की आपल्याच घराविरुद्ध तक्रार करायला तो स्वतः कौंटीच्या कचेरीत गेला. खिडकीतल्या माणसाने तीनदा विचारून खात्री करून घेतली, की तक्रार करणारा आणि गुन्हेगार एकच आहे.

तिसऱ्या दिवशी सायकलवरून मिस्टर ट्रँटर आले. वय पंचविशीच्या आसपास, मान लांब, चष्मा जाड, आणि खातं जुन्या वास्तूंचं. तक्रार चुकून त्या खात्यात गेली होती. ट्रँटर सायकलवरून उतरले ते उतरलेच नाहीत म्हणायचं, कारण एक पाय पेडलवरच राहिला आणि ते तसेच आ वासून सिंहाकडे पाहत राहिले.

“हे आमच्या नोंदीत कसं नाही?” ते पुटपुटले.

“कारण ते जुलैमध्ये आलं,” इड्वल म्हणाला. “थर्माकोलचं आहे.”

ट्रँटर मंद हसले. असं हसणं इड्वलने दातांच्या डॉक्टरांच्या चेहऱ्यावर पाहिलं होतं. “मिस्टर प्रदरो, मालक नेहमी असंच सांगतात. मागच्या महिन्यात एका शेतकऱ्याने मला सांगितलं की त्याच्या गोठ्याची आठशे वर्षांची खिडकी त्याच्या मेव्हण्याने केली आहे.”

“आणि?”

“आता ती संरक्षित आहे. मेव्हणाही फार रागावलाय.”

“अहो, बोट घातलं तर बोट आत जातं! हे बघा, दाखवतो...”

“खबरदार!” ट्रँटर इतक्या जोरात ओरडले की सिंहावर बसलेला पक्षी उडाला. “तुमच्या एका बोटाने पाच शतकांचं नुकसान होईल. वास्तूची मोडतोड हा गुन्हा आहे.”

“पण मोडल्याशिवाय ती खोटी आहे हे सिद्ध कसं करणार?”

“बरोबर. म्हणूनच ती खरी मानून चालावं लागतं.”

इड्वलने विचार करून पाहिला. वाक्यात कुठे तरी भोक होतं, पण ते सापडेपर्यंत ट्रँटरांनी खांबाला, अगदी हलक्या हाताने, दोऱ्याने, एक नोटीस बांधलीही होती. खात्याच्या समितीची बैठक होईपर्यंत या वास्तूला कुणीही हात लावू नये.

“टेलिव्हिजनवाल्यांना विचारा!” इड्वल म्हणाला.

“विचारलं असतं,” ट्रँटर म्हणाले, “पण ते संपावर आहेत.”

आता इड्वलला साक्षीदार हवा होता. साक्षीदार म्हणजे मिस टेग सेस. चौकाच्या पलीकडे राहत. चाळीस वर्षं गावात इतिहास शिकवून निवृत्त झालेल्या. इड्वललाही त्यांनीच शिकवलं होतं, आणि त्यांच्या दारात उभं राहिलं की आजही तो नकळत नखं तपासून बघे. महाद्वार चढवताना त्या खिडकीत बसून दिवसभर पाहत होत्या, हे त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं.

“पाहिलं ना,” मिस सेस म्हणाल्या. “ती माणसं डागडुजी करायला आली होती. मूळ काम जुनंच आहे. किनाऱ्यावर एक इटालियन जहाज फुटलं, त्यातला एक पाथरवट वाचला आणि त्याने इथे घर केलं. खुणा स्पष्ट आहेत.”

“बाई, त्यांनी लॉरीतून थर्माकोल उतरवला! तुम्ही डोळ्यांनी पाहिलंत!”

“इड्वल,” मिस सेस शांतपणे म्हणाल्या, “डोळ्यांनी पाहिलेलं म्हणजे इतिहास नव्हे. तुला परीक्षेतही हेच कळत नव्हतं.”

आठवड्याभरात त्या पाथरवटाला नाव मिळालं, बायको मिळाली आणि एक दुःखद अंतही मिळाला. मिस सेस रोज संध्याकाळी चौकात प्रवाशांना ती हकीकत सांगत. कोपऱ्यावरच्या चहाच्या दुकानात ‘ड्यूकचा केक’ मिळू लागला. तो नेहमीचाच बेदाण्यांचा केक होता, फक्त वर सिंह काढलेला, आणि तो सिंह बेडकासारखा दिसे. चॅपलच्या पाद्रीबुवांनी प्रवचनात ‘आपल्या पूर्वजांनी ठेवलेलं दगडी धन आणि ते मोडू पाहणारे काही लोभी हात’ असा उल्लेख केला, तेव्हा सगळ्या बाकांवरच्या माना इड्वलकडे वळल्या. इड्वलने हात खिशात घातले. ते आणखीच वाईट दिसलं.

“सगळ्यांना माहीत आहे ते खोटं आहे!” घरी येऊन तो ओरडला. “सगळ्यांनी पाहिलंय!”

“माहीत आहेच,” ओल्वेन बटाटे सोलत म्हणाली. “पण गावाला पहिल्यांदाच काहीतरी जुनं मिळालंय, इड्वल. आणि तू ते काढून घ्यायला निघालायस.”

लग्न आठवड्यावर आलं. लाउरी कार्डिफहून घरी आली. ती नर्स होती, आणि तिचा स्वभाव असा की अडचण आली की आधी हसायची, मग विचार करायची. “डॅड, डॉक्टर हार्डविकांची गाडी येऊ दे ना. मला काय, मी सायकलवरूनही जाईन.”

इड्वल दिंडीतून आत गेला आणि मोटारीत बसून राहिला. थोड्या वेळाने लाउरी आली आणि शेजारच्या सीटवर बसली. लहानपणी ती शाळेला याच सीटवरून जायची. तिचे पाय तेव्हा लोंबकळायचे.

“तू सात वर्षांची होतीस,” इड्वल समोरच्या दरवाजाकडे बघत म्हणाला. “म्हणाली होतीस, मी लग्नाला या गाडीतून जाणार आणि हॉर्न मी वाजवणार. म्हटलं, बरं.”

लाउरीने हात पुढे करून हॉर्न दाबला. बाहेर महाद्वाराचे फोटो काढणाऱ्या कुणाची तरी किंकाळी ऐकू आली.

“मागची भिंत पाडली तर?” ती म्हणाली.

गॅरेजची मागची भिंत खरी जुनी होती. इड्वलच्या पणजोबांच्या आजोबांनी ती समुद्रातून एकेक धोंडा पाठीवरून आणून रचली होती, म्हणे. त्यात त्यांची पाठ कायमची वाकली. इड्वल पुन्हा कचेरीत गेला. खिडकीतल्या माणसाने त्याला ओळखलं. “आता कुणाविरुद्ध तक्रार?”

“भिंत पाडायची आहे. दोनशे वर्षांहून जुनी.”

“कोरीवकाम आहे?”

“नाही. नुसते धोंडे.”

“सिंह वगैरे?”

“नाही.”

“मग पाडा की,” तो माणूस म्हणाला, आणि त्याचा हात शिक्क्याकडे गेला. इड्वलने टोपी काढली नव्हती तोवर काम झालंही होतं.

भिंतीपलीकडे हेडनचं परस. गॅरेजच्या बरोब्बर मागे हेडनच्या लीकचे वाफे, आणि त्यांच्यापलीकडे मागच्या गल्लीत उघडणारं फाटक. हेडनने सगळं ऐकून घेतलं. जन्मात पहिल्यांदा त्याने ‘साधं काम आहे’ असं म्हटलं नाही.

“माझ्या लीकवरून?” तो म्हणाला. “इड्वल, दोन आठवड्यांवर प्रदर्शन आलंय. त्यातल्या एकेकाला मी नावाने ओळखतो.”

“लाउरी तुझी धर्मकन्या आहे, हेडन. तिच्या बाप्तिस्म्याला तूच उभा होतास.”

हेडन वाफ्याकडे वळला. मग म्हणाला, “फळ्या टाक. मधल्या ओळीवरून जा. कडेच्यांना धक्का लावू नकोस, ते अजून लहान आहेत.”

भिंत पाडायला दोघांना दोन दिवस लागले. पणजोबांच्या आजोबांनी रचलेली ती, सहजासहजी हलेना. एकेक धोंडा निघाला की इड्वल तो हातात घेऊन जरा थांबे, आणि मग परसाच्या कोपऱ्यात नीट ठेवी. पुढच्या बाजूने ट्रँटर येऊन खांबाला भेग गेली नाही ना, हे भिंग घेऊन बघून जात.

शनिवार उजाडला. इड्वल राखाडी सुटात, कोटाला पांढरं फूल. मोटारीला पांढऱ्या फिती. लाउरी मागच्या सीटवर आजीच्या लेसचा बुरखा सावरत. ओल्वेन आधीच चॅपलला गेली होती, पाहुण्यांना थोपवायला. इड्वलने रिव्हर्स गिअर टाकला आणि मोटार, महिनाभर कोंडलेली, मागच्या भोकातून सूर्यप्रकाशात आली. हेडन टोपी छातीशी धरून वाफ्यांच्या कडेला उभा होता. फळ्यांवर मागची चाकं चढली. पुढची चढली.

त्या उन्हाळ्यात सगळ्या वेल्समध्ये मऊ जमीन उरली नव्हती. कुरणं भेगाळली होती, तलावांचे तळ उघडे पडले होते, आणि नळाने बागेला पाणी घालायला बंदी होती. अशा देशात चिखलाचा एकमेव तुकडा होता तो हेडन बेडोच्या वाफ्यात, कारण हेडन दोन महिने आपलं, बायकोचं आणि तिच्या बहिणीचं आंघोळीचं पाणी गुपचूप बादलीने तिथे आणून ओतत होता. फळ्या आधी कुरकुरल्या, मग ‘बुळुक’ असा आवाज झाला, आणि मोटार अगदी सावकाश, कुठलीही घाई न करता, मडगार्डपर्यंत लीकमध्ये बसली.

हेडनने टोपी घातली. “मधली ओळ म्हणालो होतो,” तो एवढंच म्हणाला.

इड्वलने रेस केली. चाकांनी चिखल आणि लीक यांचं मिश्रण हेडनच्या रविवारी चॅपलला घालायच्या सुटावर उडवलं. दूरवर चॅपलमध्ये सुरू झालेलं भजन ऐकू येत होतं. लोकांनी वाट पाहून गायला सुरुवात केली होती आणि वेल्समध्ये लोक एकदा गायला लागले की मग लग्नाची त्यांना फारशी घाई नसते. इड्वलने स्टिअरिंगवर डोकं टेकलं. त्याचे खांदे हलू लागले. लाउरीला वाटलं, तो रडतोय. तो रडतच होता. पण ती पुढे झुकून बघते तर तिला हसू आलं, आणि मग तिला आलं म्हणून त्यालाही आलं.

“डॅड, हॉर्न,” ती म्हणाली, आणि मागून हात घालून तिने एकदा जोरात वाजवला. “झालं. आता चला, पायी.”

फाटकापर्यंत सगळा वाफ्यांचा चिखल होता आणि परसाच्या कुंपणावरून लग्नाचा झगा जाणं शक्य नव्हतं. वाट एकच. भोकातून परत गॅरेजमध्ये, आणि तिथून पुढे. इड्वलने दिंडी उघडली, वाकला, बाहेर आला, आणि मुलीचा हात धरून तिला बाहेर घेतलं.

चौक प्रवाशांनी भरला होता. सिंहाच्या जबड्याखालून, ड्यूकच्या ढालीखालून, त्या अंधाऱ्या दारातून पांढऱ्या लेसमधली मुलगी उन्हात आली, तेव्हा टाळ्यांचा कडकडाट झाला. कुणी म्हणालं, शूटिंग पुन्हा सुरू झालं. मिस सेसनी डोळ्यांना रुमाल लावला आणि पाथरवटाच्या मुलीचं लग्नही असंच झालं होतं, असं शेजारणीला सांगितलं.

आणि गर्दीच्या पुढे, आपल्या चंदेरी मोटारीचं दार उघडं टाकून, डॉक्टर ऑब्री हार्डविक उभे होते. नवरी का येत नाही, हे बघायला ते आले होते. त्यांची हॅट हातात होती. त्यांनी खांब पाहिले, कमान पाहिली, सिंह पाहिला. मग इड्वलकडे पाहिलं. कोटाला फूल, बुटांना चिखल, आणि मागे पंधरावं शतक.

“प्रदरो,” ते हळू आवाजात म्हणाले, “हे... हे तुमचं घर? तुम्ही कधी बोलला नाहीत.”

इड्वलने तोंड उघडलं. महिनाभर हजार वेळा म्हटलेलं वाक्य ओठांवर तयार होतं. ‘थर्माकोल आहे हो.’ ते त्याने ट्रँटरांना सांगितलं होतं, प्रवाशांना सांगितलं होतं, पाद्रीबुवांना सांगितलं होतं आणि कुणी ऐकलं नव्हतं. आज पहिल्यांदा ऐकायला कुणीतरी तयार होतं. लाउरीने त्याचा दंड दाबला. बुरख्याआडून ती त्याच्याकडेच बघत होती.

“त्यात काय बोलायचं?” इड्वल प्रदरो म्हणाला. “जुनं आहे. आमच्या घराण्यात पहिल्यापासून आहे.”

“अखेर कबूल केलंत!” गर्दीतून आवाज आला. मिस्टर ट्रँटर कॅमेरा आणि चष्मा दोन्ही सावरत पुढे आले. त्यांचा चेहरा आनंदाने लाल झाला होता. “मालकाची कबुली! समितीला एवढंच हवं होतं!”

लाउरी आणि इड्वल चॅपलपर्यंत चालत गेले. मागून टाळ्या वाजवत निम्मा चौक गेला, आणि त्यामागून मागची सीट रिकामी असलेली डॉक्टरांची चंदेरी मोटार, पायी चालणाऱ्यांच्या वेगाने. लग्न छान झालं. हेडनने चिखलाच्या सुटातच धर्मपित्याचं भाषण केलं आणि त्यात लीकचा उल्लेख फक्त दोनदा आला.

सप्टेंबरमध्ये संप मिटला. जेली हे नेपथ्य ठरलं, पण चमचा लावल्याक्षणी ते खाद्य ठरेल, अशी तडजोड झाली. क्रिस्पिन लॉरी घेऊन महाद्वार उतरवायला आला तेव्हा दिंडीसमोर ट्रँटर हात पसरून उभे होते. समितीने एकमताने वास्तू संरक्षित ठरवली होती. टेलिव्हिजनवाल्यांनी उरलेलं साहस दुसऱ्या गावात, दुसऱ्या दारासमोर पूर्ण केलं. कायद्याप्रमाणे संरक्षित वास्तू सुस्थितीत ठेवणं ही मालकाची जबाबदारी असते. त्याच कायद्याने परसातल्या धोंड्यांच्या ढिगाबद्दलही इड्वलला कळवण्यात आलं: या निरुपयोगी दगडांमुळे ऐतिहासिक वास्तूच्या परिसराची शोभा जाते, तरी ते त्वरित हलवावेत. त्याने ते हलवले. हेडनच्या नव्या वाफ्याभोवती दोघांनी मिळून त्यांचा बांध घातला.

पुढच्या वसंतात एका सकाळी इड्वल शिडीवर चढून सिंहाचं नाक बसवत होता. समुद्रपक्ष्यांना त्या नाकाची चटक लागली होती. शिडीच्या पायाशी एक प्रवासी येऊन थांबला, टाचा उंचावून पाहू लागला आणि त्याने विचारलं, “काय सुंदर आहे हो! कुठल्या दगडाचं?”

इड्वलने नाकाला डिंक लावला, अंगठ्याने ते जागेवर दाबलं आणि खाली पाहिलं.

“इटलीचा आहे,” तो म्हणाला. “फार मऊ जात. तेवढा हात लावू नका.”